धुऱ्यावरचे चार खांब

ही गोष्ट दोन फायलींत होती. दोन्ही फायली एक नंबरापासून सुरू होत होत्या, म्हणून इथेही एक दोनदा येईल.

फाईल पहिली: शेड
बनवणारा टिकेश पटले. शून्य: रेल्वे लाइनीकडचा कोपरा.

१

गोंदियात चंद्रकुमार रहांगडाले सरांचं ऑफिस एका जुन्या बीडी गोदामाच्या माडीवर आहे. गोदाम बंद होऊन वर्षं झाली, तरी जिना चढताना तंबाखूचा वास येतो. वर दोन खोल्या, तीन टेबलं, एक मोठा प्रिंटर. भिंतीवर सरांनी डिझाइन केलेल्या राईस मिलांचे फोटो आहेत, सत्तावीस. शेड आहेत, टॉवर आहेत, धानाचे ढीग आहेत. माणूस एकाही फोटोत नाही. सर फोटो काढायच्या आधी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतात.

अठ्ठाविसावी मिल मुन्नालाल शेठची. शेठला धान उकडून वाळवण्याचं नवं युनिट हवं होतं. म्हणजे एक लांब शेड, आणि तिला लागून ड्रायरचा अठरा मीटर उंच टॉवर. बाप पोरांना शेत वाटून देतो तसं सरांनी काम वाटून दिलं. शेड टिकेशला, टॉवर रिंकीला.

२

टिकेश आमगावचा. सहा वर्षांपासून सरांकडे. कामात पक्का, आणि ते त्याला माहीत असलेला.

हे काम असं असतं. कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरात इमारतीचा नुसता सांगाडा काढायचा, बिंदू आणि बिंदूंना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक बिंदूला नंबर, प्रत्येक रेघेला नंबर, आणि खांबांच्या प्रत्येक ओळीला अक्षर: ए लाइन, बी लाइन, सी लाइन. रेघेला सांगायचं, तू अमुक मापाचा लोखंडी खांब आहेस. मग तिच्यावर छताचं वजन ठेवायचं, बाजूनं वारा सोडायचा आणि विचारायचं, किती वाकलीस? ती खरं सांगते. विचारणाऱ्यानं खरं विचारलं असेल तर.

टिकेशनं शेडचे सहाशे बिंदू चार दिवसांत घातले. मोजायला सुरुवात केली रेल्वे लाइनीकडच्या कोपऱ्यातून, कारण साइटवर मोटरसायकल तिथेच लावायचा.

३

सी लाइनीवर चार खांब आहेत. शेड तिथे संपते आणि टॉवर तिथे सुरू होतो. हे चार नीट उभे राहिले तर सगळंच नीट उभं राहील. तेव्हा ते आपल्या फायलीत हवेतच. टिकेशनं ते काढले. जमिनीपासून छतापर्यंत, नऊ मीटर, प्रत्येक खांब एका रेघेत. त्याला तुकडे आवडत नाहीत.

फाईल दुसरी: टॉवर
बनवणारी रिंकी कटरे. शून्य: नारळाचा कोपरा.

१

रिंकी सालेकस्याच्या पुढच्या एका गावची. आठवडाभर गोंदियात मावसबहिणीकडे राहते, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी जाते. घरी धानाची शेती. वडील बिसनलाल, शेजारच्याच दारात कैलाशकाका. गावात ती काय करते हे सांगणं घरच्यांना जड जायचं. इंजिनिअर म्हटलं की लोक विचारायचे, कोणत्या रस्त्यावर? बिसनलाल सांगायचा, रस्त्यावर नाही, कॉम्प्युटरवर. मग लोक धानाचा भाव विचारायचे, आणि बिसनलाल तो सांगायचा.

तिनं टॉवर मोजायला सुरुवात केली ती भूमिपूजनाला नारळ फोडला त्या कोपऱ्यातून. साइटवरचे सगळे त्याला नारळाचा कोपरा म्हणत. टिकेश म्हणाला, तुझं शून्य देवाचं, माझं रेल्वेचं. ती म्हणाली, देव तरी वेळेवर येतो.

२

प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात तीन ओळी: नकाशा कोणी काढला, डिझाइन कोणी केलं, तपासलं कोणी. पहिल्या ओळीत रिंकीचं नाव तीन वर्षांपासून येत होतं. दुसऱ्या ओळीत कायम सरांचं. सत्तावीस मिलांत दुसऱ्या ओळीत दुसरं नाव आलं नव्हतं, टिकेशचंसुद्धा नाही.

डिसेंबरात सर चहा पिता पिता म्हणाले की मिल मोठी आहे, माझे डोळे आता स्क्रीनवर टिकत नाहीत. दोन्ही भागांचा मेळ जो घालेल आणि नागपूरहून पास करून आणेल, त्याचं नाव दुसऱ्या ओळीत. टिकेश म्हणाला, मेळ घालणं म्हणजे दुसऱ्याची खरकटी काढणं, मला नको. रिंकी म्हणाली, मी काढते.

ती ओळ तिला हवी होती. कोणाला दाखवायला नव्हे, असं ती मावसबहिणीला म्हणाली. मावसबहीण म्हणाली, मग कायले हवी?

३

सी लाइनीवर चार खांब आहेत. शेड तिथे संपते आणि टॉवर तिथे सुरू होतो. हे चार नीट उभे राहिले तर सगळंच नीट उभं राहील. तेव्हा ते आपल्या फायलीत हवेतच. रिंकीनं ते काढले. दर तीन मीटरवर ड्रायरभोवती चालायचा माचा येतो, म्हणून नऊ मीटरचा खांब तीन तुकड्यांत. मग वर आणखी तीन तुकडे, अठरापर्यंत. तिला सांधे दिसलेले आवडतात.

जोडलेली फाईल
नंबर आता हजाराच्या पुढचे, म्हणजे आधीच्यांशी भांडण नको.

१००१

उंच कामाचा हिशेब नागपूरच्या एका वयस्क इंजिनिअरकडून तपासून घ्यायचा, हा सरांचा जुना नियम. ऑफिसात त्यांना नुसतं साहेब म्हणत. साहेबांकडे दोन्ही फायली वेगवेगळ्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. सोबत दोन ओळी होत्या. वाऱ्याला माहीत नसतं शेड कुठे संपली आणि टॉवर कुठे सुरू झाला. दोन्ही एका फायलीत आणा.

रिंकीनं टिकेशची फाईल उघडली आणि तिच्यात आपली आणली. टॉवर स्क्रीनवरून गायबच झाला. खूप लहान केल्यावर सापडला, शेडपासून सेहेचाळीस मीटर लांब, कारण दोघांची शून्यं वेगळी. टिकेश खुर्ची ओढत आला. म्हणाला, तुझा टॉवर रुळावर उभा आहे, हावडा मेल थांबवायला सांगू का? तिनं टॉवर उचलून जागेवर आणला.

मग वजनांची गंमत झाली. टिकेशच्या फायलीत तीन नंबर म्हणजे पश्चिमेचा वारा. रिंकीच्या फायलीत तीन नंबर म्हणजे ड्रायरमध्ये भरलेलं धान. नंबर सारखाच, म्हणून सॉफ्टवेअरनं दोन्ही एका पोत्यात भरले. तेही सोडवलं. आपले सगळे नंबर हजाराच्या पुढे नेले. दोन दिवस गेले. शेवटी सॉफ्टवेअरला विचारलं, कुठे एकाच जागी दोन रेघा आहेत का? उत्तर आलं, एकही नाही.

१००२

शुक्रवारी दुपारी जोडलेली फाईल पहिल्यांदा चालवली. सगळ्या रेघा हिरव्या. टॉवरचा माथा वाऱ्यात किती हलतो, हा खरा प्रश्न होता. पंचेचाळीस मिलिमीटरपर्यंत चालतं. रिंकीचा टॉवर एकटा होता तेव्हा चव्वेचाळीस हलत होता, काठावर पास. आता आला एकतीस.

सर उठून तिच्या टेबलाजवळ आले. चष्मा वर करून आकडा जवळून पाहिला. मग टिकेशला सांगितलं की शेडनं टॉवरला खांदा दिला. टिकेश म्हणाला, शेड कोणाची आहे. सरांनी शेठला फोन लावून सोमवारी अकरा वाजता फाईल नागपूरला जाते असं कळवलं आणि चौकट भरायला घेतली. दुसऱ्या ओळीत त्यांनी स्वतः टाइप केलं: आर. बी. कटरे. बोटानं एकेक अक्षर शोधत. नकाशा प्रिंटरमधून निघाला तेव्हा रिंकीनं आधी टॉवर पाहिला नाही.

शनिवारी गाडीत बसल्यावर तिच्या मनात एक बारीक प्रश्न आला. शेडनं खांदा दिला हे ठीक. पण शेडलाही वारा लागतो. खांदा देणारा स्वतः ढकलतही असेल ना? मग चव्वेचाळीसचे एकतीस, इतके कमी? प्रश्न आला आणि सालेकस्याला तिच्यासोबतच उतरला.

१००३

जानेवारीचा शेवट. धान घरी येऊन महिने झाले होते, आता धुऱ्यांवरची तूर कापायची होती. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी असतं, म्हणून तूर बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर लावतात. एकेक धुरा म्हणजे तुरीची एकेक ओळ. या वर्षी दोघा भावांनी ठरवलं की एकाच दिवशी दोन्हीकडची तूर कापून टाकू, बाया एकदाच बोलावू. बिसनलाल म्हणाला, माझे धुरे सात. कैलाशकाका म्हणाला, माझे पाच. बाराच्या हिशेबानं बाया बोलावल्या, एका धुऱ्याला एक बाई.

रविवारी सकाळी रिंकीही विळा घेऊन गेली. बायांची पुढारी रुख्मा, बारांतलीच एक. तिनं सगळ्यांना एकेका धुऱ्याला लावलं आणि स्वतः मागे उरली. कमरेवर हात ठेवून तिनं बांध्यांकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग बिसनलालला हाक मारून विचारलं की मी काय कापू, तुमची मिशी?

बिसनलालनं मोजलं. अकरा. कैलाशकाकानं मोजलं. अकरा. दोघं एकमेकांकडे पाहू लागले, कोणाचा धुरा हरवला.

रुख्मा म्हणाली, "धुरा हरवला नाई बिसनभाऊ. तुमी दोघाई भावांनी मंधातला धुरा आपापल्याकडून मोजला. सात तुमचे त्याले धरून, पाच या कैलाशभाऊचे त्यालेच धरून."

बाया हसल्या. कैलाशकाका ओशाळला. वाटणी होऊन बारा वर्षं झाली होती. मधला धुरा सामाईक, एका वर्षी तूर याची, एका वर्षी त्याची, आणि त्यावरून दोघांत कधी शब्द झाला नव्हता. तरी मोजताना दोघांनीही तो आपलाच धरला होता.

बिसनलालला चूक कबूल करायची नव्हती. तो म्हणाला, "काठ सोडून आपलं वावर कोन मोजते?"

रिंकीचा विळा थांबला. तिनं मधल्या धुऱ्याकडे पाहिलं. तूर एकच ओळ होती. इकडून पाहिली तरी, तिकडून पाहिली तरी.

१००४

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती गोंदियाला आली. ऑफिस उघडायला तिच्याकडे किल्ली होती. नकाशा टेबलावर तसाच होता, चौकटीसकट. तिनं तो उलटा ठेवला आणि फाईल उघडली.

सी लाइनीवरच्या पहिल्या खांबावर बोट दाबलं. रेघ लाल झाली, नंबर २१४. पुन्हा त्याच जागी दाबलं. रेघ लालच, पण नंबर १०३३.

एकात एक दोन खांब उभे होते. टिकेशचा नऊ मीटरचा एक, तिचे तीन-तीन मीटरचे तीन. सॉफ्टवेअरनं दोन रेघा एकाच जागी आहेत का हे तपासताना फक्त टोकं पाहिली होती. दोघांची टोकं वेगळी, म्हणून त्याला काही सापडलं नाही. स्क्रीनवर एकच रेघ दिसत होती. हिशेबात मात्र सी लाइनीवर चारचे आठ खांब होते, दुप्पट ताकदीचे, आणि त्यांतले चार जगात कुठेच उभे राहणार नव्हते.

तिनं टिकेशचे चार खोडले. आपले ठेवले, कारण माचे त्यांनाच जोडलेले होते. शेडच्या तुळया आपल्या तुकड्यांना लावल्या. पुन्हा चालवलं.

बावन्न.

खांदा देणारी शेड स्वतःही ढकलत होती. पास व्हायला पंचेचाळीसच्या आत हवेत. फाईल अकराला जायची होती. घड्याळात साडेनऊ.

कोणाला कळलं नसतं. साहेब आकडे बघतात, आणि स्क्रीनवर रेघ एकच दिसते. हे तिच्या मनात आलं. मग तिला अठरा मीटरवर धानानं भरलेला ड्रायर दिसला, त्याखाली पोती ओढणारी माणसं दिसली, आणि हिशेबातले आठ खांब चार झालेले दिसले. तिनं उलटा ठेवलेला नकाशा घेतला, चार घड्या केल्या आणि पिशवीत टाकला.

१००५

(रिकामा. खोडलेल्या नंबराची जागा सॉफ्टवेअर भरत नाही. टिकेशच्या फायलीतला तिसरा परिच्छेद इथे यायचा होता. तोच रिंकीच्या फायलीत आहे.)

१००६

टिकेश आला. तिनं त्याला दाखवलं. त्याला सगळ्यात आधी जे टोचलं ते तो बोलला.

"माये खांब काऊन खोडले? तुये खोडता येत नोयते?"

तिनं सांगितलं की माझ्यांना माचे लागलेत. तो म्हणाला, माझ्यांना छत लागलंय. ती म्हणाली, छत लावून घेतलं. त्यानं स्वतः पुन्हा बोट दाबून पाहिलं. २१४ आता नव्हता. मग त्यानं खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला आणि बाकीच्या लाइनी एकेक करून तपासू लागला, अजून कुठे काठ दोनदा मोजला गेलाय का ते पाहायला. कुठेच नव्हता. फक्त जिथे वाटणी झाली होती तिथे.

सर साडेदहाला आले. रिंकी उभी राहिली. तिनं बावन्नचा आकडा सांगितला, खांबांचं सांगितलं, आणि म्हणाली की जोडणी मी केली, चूक माझी आहे. टिकेशही उभा राहिला. म्हणाला की सी लाइन माझ्याही फायलीत होती, मी विचारलं नाही तिच्याही फायलीत आहे का. चूक माझी.

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"चूक एकच हाय ना?" ते म्हणाले. "मंग दोघं मिळून दोनदा कायले मोजून राहिले?"

मग त्यांनी नागपूरला फोन करून आज फाईल येत नाही असं सांगितलं. तिकडून का असं विचारलं असावं, कारण सर म्हणाले, आमच्या पोरीला एक गोष्ट सापडली. 'सापडली' या शब्दावर त्यांनी थोडा जास्त जोर दिला. फोन ठेवून खिडकीपाशी गेले. म्हणाले की आमच्या वेळी एका कागदावर सगळं काढायचो, धुरा एकच यायचा. रिंकीनं त्यांना धुऱ्याचं काहीच सांगितलं नव्हतं. तेही शेतकऱ्याच्या घरातलेच.

१००७

बावन्नचे पंचेचाळीसच्या आत आणायला सी लाइनीवर तिरप्या आडण्या, म्हणजे खांबाला खांब बांधणारे तिरके लोखंडी दांडे, लागणार होत्या. पण सी लाइन म्हणजे शेड आणि टॉवर यांच्यातला दरवाजा. तिथून धानाच्या ट्रॉल्या जाणार. मुन्नालाल शेठ साइटवर भेटले तेव्हा खांबांकडे बघायलाच तयार नव्हते. म्हणाले, "बीच रास्ते में टांग मत अड़ाओ. मेरी गाड़ी कहाँ से निकलेगी?"

रिंकीनं विचारलं, तुमची सगळ्यात उंच ट्रॉली कोणती. शेठनं हात वर करून दाखवला. तिनं हात नको, ट्रॉली दाखवा म्हटलं. जुन्या मिलमधून एक ट्रॉली आणवली, तिच्यावर पोत्यांची जितकी थप्पी कोणी लावेल तितकी लावायला सांगितली, आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर एक हमाल उभा केला. टिकेशनं टेप धरला. हमालाच्या डोक्यापर्यंत चार मीटर सत्तर.

शेठ म्हणाले की हमाल पोत्यावर उभा राहून आत जात नाही. ती म्हणाली, आज नाही, पण कधीतरी जाईल.

तिनं आडण्या पाच मीटरच्या वर नेल्या. दोन खांबांच्या मधून, दरवाज्याच्या वरून, खाली तोंड केलेल्या कैंचीसारख्या. खालून ट्रॉली मोकळी, वर टॉवर धरलेला. त्या टिकेशनं घातल्या, तिनं सांधे तपासले. फाईल एकच, टेबल एकच, आणि दोघांचं शून्य आता नारळाचा कोपरा. टिकेशनं त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही, फक्त म्हणाला की मोटरसायकल अजून रेल्वेकडेच लावतो.

चालवलं. एकेचाळीस.

शेठनं आराखडा पाहिला, वरची कैंची बोटानं गिरवली, आणि सरांना विचारलं की हे कोणाचं डोकं. सर म्हणाले, हिचं. मग म्हणाले, आणि याचा टेप.

१००८

नागपूरचे साहेब फाईल पाहून आठव्या दिवशी फोनवर आले. सरांशी नाही, डिझाइन करणारीशी बोलायचं म्हणाले. रिंकीनं कागद, पेन्सिल, सगळे आकडे समोर घेतले. वाऱ्याचं विचारतील, धानाच्या वजनाचं विचारतील.

साहेबांनी एकच विचारलं, सी लाइनीवर कोणाचे खांब ठेवले?

तिनं सांगितलं, टॉवरचे ठेवले, शेडचे काढले.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "छान," साहेब म्हणाले. "बहुतेक लोक दोन्ही ठेवतात."

फोन ठेवल्यावर ती जिना उतरून खाली गेली. तंबाखूच्या वासात, बंद गोदामाच्या पायरीवर, चार-पाच मिनिटं बसून राहिली. वर आली तेव्हा टिकेश म्हणाला, रडून आली का? ती म्हणाली, हसून आले, खाली जागा जास्त आहे.

१००९

सरांनी पुन्हा चौकट भरायला घेतली. दुसरी ओळ. रिंकी म्हणाली, टिकेशभाऊचंही नाव घाला. सर म्हणाले, ओळ एकच आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

सरांनी अक्षरं बारीक केली. आर. बी. कटरे, टी. डी. पटले. मावेनात, म्हणून आणखी बारीक केली. शेवटी भिंग लावून वाचावं लागेल इतकी झाली, पण ओळीत बसली. टिकेशनं नकाशा खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाला, खांब खोडला पण माणूस ठेवला.

तिसऱ्या ओळीत, तपासलं कोणी, तिथे सरांनी आपलं नाव लिहिलं. सत्तावीस मिलांनंतर पहिल्यांदाच ते दुसऱ्या ओळीवरून खाली सरकले होते. त्यांनी ते सावकाश टाइप केलं आणि पूर्ण झाल्यावर मागे सरून पाहिलं, फोटोकडे पाहतात तसं.

१०१०

दिवाळीच्या आधी नवं धान यायला लागलं तेव्हा टॉवर चालू झाला. सर फोटो काढायला गेले. नेहमीसारखं सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि सगळे बाजूला झाले. मग सरांनी कॅमेरा खाली केला. म्हणाले, तुम्ही दोघं तिथेच थांबा, सी लाइनीजवळ. अठ्ठाविसाव्या फोटोत दोन माणसं आहेत. टॉवर नीट दिसत नाही, कारण टिकेशनं हात वर केला होता.

१०११

त्याच आठवड्यात बिसनलाल आणि कैलाशकाका सकाळच्या गाडीनं गोंदियाला आले. स्टेशन यायच्या आधी डाव्या हाताला टॉवर दिसतो. बिसनलालनं समोरच्या अनोळखी माणसाला तो दाखवला. म्हणाला, माझ्या पोरीचा आहे. माणसानं विचारलं, मिल आहे का पोरीची? कैलाशकाका म्हणाला, मिल शेठची, उभी राहते ती आमची. यावर दोघांनाही समाधान वाटलं.

मिलमध्ये ड्रायरचा एवढा आवाज होता की जवळ येऊन बोलावं लागत होतं. रिंकीनं त्यांना शेड दाखवली, मग टॉवर, मग दोन्हींच्या मधला दरवाजा. एक भरलेली ट्रॉली कैंचीखालून निघून गेली. वर बरीच जागा उरली.

बिसनलाल पहिल्या खांबापाशी थांबला. एकदा शेडकडे पाहिलं, एकदा टॉवरकडे.

"हा कोनाच्या हिश्शात?"

"दोघांच्या," रिंकी म्हणाली.

"मंग मोजला कितीदा?"

"एकदा, बाबूजी."

कैलाशकाका म्हणाला, मंग बराबर आहे. तरी बिसनलालनं स्वतः मोजले, प्रत्येकाला तळहात टेकवून. लोखंड ड्रायरच्या धक्क्यानं हलकं थरथरत होतं, आणि तो प्रत्येक खांबापाशी थोडा जास्त वेळ थांबत होता.

चार.